गोष्ट सांगताना : ‘त्याला काय वाटलं असेल?’

गोष्ट सांगून झाली की आपण मुलाला हमखास एक प्रश्न विचारतो, ‘मग यातून काय शिकलास?’ मूलही ठरलेले उत्तर देते. खोटे बोलू नये. भांडू नये. अम्मी-अब्बूंचे ऐकावे. उत्तर बरोबर असते, अम्मी खूश होते, दिवा मालवला जातो. पण तेच मूल दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या बहिणीच्या हातातली बाहुली हिसकावते आणि ती रडू लागली की तिच्याकडे नुसते पाहत राहते. ते मूल वाईट असते असे नाही. बहिणीला नेमके काय झाले हे त्याला खरोखरच कळलेले नसते. गोष्टीचे तात्पर्य त्याला पाठ झाले, पण गोष्टीतल्या माणसाच्या मनापर्यंत ते पोहोचलेच नव्हते.

आपल्या घरांत गोष्टींची कमतरता नाही. दादी-नानीकडे प्रेषितांचे किस्से असतात, शाळेच्या पुस्तकात चिमणी-कावळा असतात, मक्तबमध्ये सहाबांच्या (र.) जीवनातले प्रसंग ऐकायला मिळतात. या सगळ्या गोष्टींत माणसे आहेत आणि माणसांना मन आहे. तीन ते आठ या वयात मुलाला त्या मनाची ओळख करून देता येते. कशी, याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

आधी मुलाची बाजू पाहू. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, ही गोष्ट लहान मुलाला जन्मतः माहीत नसते. विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मुलांना एक छोटीशी गोष्ट सांगून हे तपासले होते. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आला, तर तो चॉकलेट कुठे शोधेल? आपल्याला उत्तर सोपे वाटते. पण तीन वर्षांचे मूल बहुधा सांगते की नव्या कपाटात, कारण चॉकलेट आता तिथे आहे. चार-पाच वर्षांच्या आसपास मुलाला उमगते की त्या मुलाला ते माहीत नाही, म्हणून तो जुन्याच कपाटाकडे जाईल. ही परीक्षा घरीही घेता येते. खजुरांचा डबा, दोन कपाटे आणि एक भाऊ एवढे पुरे. मात्र उत्तर चुकले म्हणून हसू नये. ते वयाचे उत्तर आहे.

याच्या पुढची पायरी अधिक अवघड आहे. लांडगा दादीचे कपडे घालून अंथरुणात झोपल्याची ती परदेशी गोष्ट, लाल टोपीवाल्या मुलीची, आपल्या मुलांनाही माहीत असते. ब्राडमेट्झ आणि श्नायडर या संशोधकांनी १९९९ मध्ये मुलांना विचारले की ही मुलगी दार वाजवते तेव्हा आत कोण आहे असे तिला वाटते? बऱ्याच मुलांनी बरोबर सांगितले, तिला वाटते की आत दादी आहे. मग विचारले, तिला त्या वेळी भीती वाटते का? त्यातल्याच अनेक मुलांनी सांगितले, हो, वाटते. म्हणजे मुलीला लांडग्याचा पत्ता नाही हे मुलांना कळले, पण मग ती घाबरणार नाही, उलट खुशीत असेल, हे जोडता आले नाही. भीती मुलांना स्वतःला वाटत होती आणि ती त्यांनी मुलीच्या मनात घातली. माहिती आणि भावना यांचा सांधा जुळायला आणखी एक-दोन वर्षे जातात. आईबापांनी हे ध्यानात घेतले तर ‘एवढंही कळत नाही का तुला?’ हे वाक्य घरातून बरेच कमी होईल.

ज्या गोष्टीत मन उघडे ठेवले आहे

आपल्याकडे यासाठी सर्वांत समृद्ध गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही क्षणाचाही विचार न करता हजरत युसुफ (अ.) यांचे नाव घेऊ. पवित्र कुरआनच्या बाराव्या सूरहमध्ये, १११ आयतींत, ही कथा सलग आली आहे आणि अल्लाहने स्वतः तिला उत्तम कथा म्हटले आहे. तिच्यात प्रसंग तर आहेतच, पण जवळजवळ प्रत्येक प्रसंगात कोणाच्या ना कोणाच्या मनात काय चालले आहे, ते सांगितलेले आहे. सांगणाऱ्याला स्वतःच्या पदरचे काही घालावे लागत नाही.

भावांपासून सुरुवात करा. त्यांना वाटते की आपण इतके जण, धडधाकट, आणि अब्बांचा जीव मात्र युसुफवर आणि त्याच्या धाकट्या भावावर. घरात दुसरे मूल आलेल्या कोणत्याही चार-पाच वर्षांच्या मुलाला हे वाक्य परके वाटणार नाही. इथे थांबावे आणि विचारावे, ‘भावांना काय वाटत होतं?’ मूल म्हणेल, राग आला. बरोबर आहे, पण एवढ्यावर सोडू नये. राग कशाचा? युसुफने (अ.) त्यांचे काही घेतले होते का? मग राग की आणखी काही?

या ‘आणखी काही’साठी मुलाला शब्द द्यावा लागतो. आपल्या धर्मात त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते दोन्ही मुलाला समजतात. दुसऱ्याकडे जे आहे ते त्याच्याकडून जावे असे वाटणे म्हणजे हसद. ते त्याच्याकडे राहो, मलाही मिळो असे वाटणे म्हणजे गिब्ता. मराठीत पहिल्याला मत्सर म्हणू. दुसऱ्याच्या जवळ जाणारा शब्द हेवा आहे, पण बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो. मुलाला असे सांगता येते : शेजारच्या मुलाकडे नवी सायकल आली. ‘मलाही हवी’ हा एक विचार. ‘त्याची मोडली तर बरं’ हा दुसरा. भावांच्या मनात कोणता होता? सहा वर्षांचे मूल याचे उत्तर चटकन देते, आणि बऱ्याचदा पुढे स्वतःच्या मनातलेही काही सांगून टाकते. त्या वेळी शिक्षा करू नये, टोकूही नये. मनात विचार येणे आणि हाताने कृत्य करणे यांत अंतर आहे, हे मुलाला याच गोष्टीतून दाखवता येते. भावांपैकी एक जण म्हणतो की त्याला ठार मारू नका, विहिरीत टाका, एखादा काफिला उचलून नेईल. तोही कटात आहे, पण त्याच्या मनात काहीतरी अडते आहे. मुलांना हा भाऊ फार आवडतो. त्याच्याविषयी विचारा, ‘तो घरी जाताना काय विचार करत असेल?’

मग हजरत याकूब (अ.). मुलाला पाठवताना त्यांचे मन खात होते. त्यांनी ते बोलूनही दाखवले की तुम्ही त्याला नेणार याचेच मला दुःख होते, आणि तुमचे लक्ष नसताना लांडगा त्याला खाईल अशी भीती वाटते. दुःख आणि भीती अशा दोन भावना एका वाक्यात. लहान मुलाला एका वेळी एकच भावना दिसते : माणूस एकतर खूश किंवा दुःखी. एकाच मनात दोन गोष्टी राहू शकतात, हे शिकवायला याहून चांगली जागा आम्हाला ठाऊक नाही. ‘तू पहिल्या दिवशी शाळेत गेलास तेव्हा अम्मीलाही असंच झालं होतं, खुशीही आणि काळजीही,’ असे जोडून दिले की मूल लगेच मान हलवते.

संध्याकाळ होते. भाऊ रडत घरी येतात. सदऱ्यावर खोटे रक्त. इथे मुलाची खरी कसोटी आहे, कारण डोळ्यांत पाणी आहे पण मनात दुःख नाही. पाच वर्षांच्या आतले मूल बहुधा म्हणते, ‘त्यांना वाईट वाटलं म्हणून ते रडत होते.’ चेहरा एक सांगतो आणि मन दुसरे, हे साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास कळू लागते. त्याआधी ‘ते नाटक करत होते’ एवढे सरळ सांगून पुढे जावे. मोठ्या मुलाला मात्र विचारता येते, ‘अब्बांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला का?’ नाही ठेवला. त्यांना कळले होते. तरी त्यांनी सब्र केला. का केला असेल, यावर दोन दिवस बोलता येईल.

विहिरीचा प्रसंग रंगवून रंगवून सांगण्याचा मोह होतो. अंधार, पाणी, एकटेपणा. रात्रीच्या वेळी, झोपण्याआधी, तो टाळावा. विहिरीत अल्लाहने त्यांना धीर दिला होता की एक दिवस तूच भावांना हे सांगशील. ते वाक्य आधी सांगा, मग विहीर. मूल निवांत झोपते. अज़ीज़च्या पत्नीचा प्रसंग या वयात सांगण्याचा नाही. खोटा आळ आला आणि निर्दोष असून तुरुंगात जावे लागले, एवढे पुरे. आळ म्हणजे काय ते मुलांना चांगले माहीत असते. दूध मांजराने सांडलेले असते आणि बोलणी त्याने खाल्लेली असतात.

कथेचा उत्तरार्ध आम्हाला पूर्वार्धापेक्षाही मोलाचा वाटतो, पण घराघरांत तो घाईत उरकला जातो. भाऊ धान्यासाठी मिसरला येतात. हजरत युसुफ (अ.) त्यांना ओळखतात, ते यांना ओळखत नाहीत. कपाटातल्या चॉकलेटचाच हा प्रश्न, पण किती मोठा होऊन आला आहे! एकाला माहीत आहे, दुसऱ्यांना नाही. मुलाला विचारा, ‘भावांना समोर कोण दिसत होतं?’ मोठा अधिकारी. ‘आणि त्यांना कोण दिसत होते?’ इथे मुले हमखास गप्प होतात आणि मग एखादे म्हणते, ‘विहिरीत टाकणारे.’ दुसरे म्हणते, ‘भाऊ.’ दोन्ही उत्तरे खरी आहेत. पुढे तेच भाऊ त्यांच्यासमोरच म्हणतात की याने चोरी केली असेल तर याच्या भावानेही पूर्वी केली होती. कुरआन सांगते की युसुफ (अ.) यांनी ते मनातच ठेवले, उघड केले नाही. राग गिळणे म्हणजे काय, हे मुलाला व्याख्येने कधी कळत नाही. इथे कळते. आणि शेवटी ओळख पटते तेव्हा ते म्हणतात की आज तुमच्यावर कसलाही ठपका नाही. भावांना त्या क्षणी काय वाटले असेल? सुटल्यासारखे? की आणखी शरमल्यासारखे? मराठीत यासाठी ‘ओशाळणे’ हा नेमका शब्द आहे. माफी मिळाली की माणूस कधी कधी जास्त ओशाळतो, हे आठ वर्षांच्या मुलाला कळते. त्याला आपण विचारत नाही, एवढेच.

चेहरा नाही, मग मन कसे दाखवायचे?

बाजारातली बालपुस्तके आणि शाळेतल्या बाई एक पद्धत सांगतात : चित्रातला चेहरा दाखवा आणि विचारा, हा खूश आहे की रडवेला? पद्धत चांगली आहे, चिमणी-कावळ्याच्या गोष्टीला जरूर वापरावी. पण प्रेषितांची चित्रे आपण काढत नाही, त्यांची नक्कल करत नाही, मुलांना त्यांच्या भूमिका देत नाही. काही पालकांना वाटते की त्यामुळे आपल्या किश्श्यांत भावना दाखवायला साधनच उरत नाही. आम्हाला उलट वाटते. चेहरा झाकलेला असला की मूल बाकीच्या गोष्टींकडे बघते : त्याने काय केले, कोणाला काय सांगितले, काय सांगितले नाही, कशाला हात लावला.

सदऱ्याचेच पाहा. पहिल्यांदा सदरा येतो तो खोट्या रक्ताचा, दुःखाची खबर घेऊन. शेवटी सदरा येतो तो मिसरहून, आणि तो पोहोचण्याआधीच याकूब (अ.) म्हणतात की मला युसुफचा गंध येतो आहे. रडून रडून ज्यांचे डोळे पांढरे झाले होते, त्यांच्या चेहऱ्यावर तो टाकताच दृष्टी परत येते. बापाचा चेहरा न काढता ही खुशी मुलापर्यंत पोहोचते. घरात दूर नोकरीला असलेल्या अब्बूंचा शर्ट कपाटात असेल तर मूल तुम्हाला सांगेल की त्याला कसा वास येतो. ज्या घरांतले अब्बू किंवा चाचा आखाती देशांत आहेत, आणि कोकणात अशी घरे पुष्कळ आहेत, तिथे या प्रसंगावर फार बोलावे लागत नाही.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. प्रेषितांच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. ‘युसुफ (अ.) मनात म्हणाले की...’ असे आपल्या कल्पनेने रचून सांगितले की मूल तेच खरे धरते, आणि मोठेपणी कुरआन वाचताना गोंधळते. म्हणून प्रश्न ‘असेल’ने विचारावा आणि उत्तरही ‘असेल’नेच घ्यावे. ‘त्यांना काय वाटलं असेल?’ आणि त्यानंतर, ‘कुरआनात काय सांगितलंय ते बघू.’ काही ठिकाणी कुरआन स्पष्ट सांगते, काही ठिकाणी गप्प राहते. जिथे गप्प आहे तिथे ‘हे अल्लाहलाच ठाऊक’ म्हणण्यात काही कमीपणा नाही. मुलांना हे उत्तर आवडते, कारण मोठ्यांनाही सगळे माहीत नसते हे त्यांना त्यातून कळते.

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीला हे बंधन नाही. तिथे खुशाल कल्पना करावी. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार वाजवतो आणि चिमणी दर वेळी एक नवे निमित्त सांगून दार उघडत नाही. पिढ्यान्पिढ्या ही गोष्ट आपण चिमणीच्या बाजूने सांगत आलो. एकदा कावळ्याच्या बाजूने सांगून बघा. बाहेर उभा आहे, पंख भिजले आहेत, आतून आवाज येतो आहे. मूल म्हणेल, उघड ना दार! मग विचारावे, चिमणीला कावळा बाहेर भिजतोय हे माहीत होतं का? तिला कशाची भीती वाटत होती का? शेवट बदलायचा असेल तर मुलाला बदलू द्यावा. किश्श्यांचा शेवट बदलता येत नाही आणि कहाणीचा येतो, हा भेदही मूल आपोआप शिकते.

हजरत मूसा (अ.) यांच्या बहिणीची गोष्ट आम्ही मुलींना आवर्जून सांगतो. बाळाची पेटी नदीत सोडली आहे. आईचे काळीज रिकामे झाले आहे, कुरआनात असेच वर्णन आहे. अल्लाहने मन घट्ट केले नसते तर तिने सगळे उघड केले असते. बहीण काठाकाठाने, लांबून, कोणाला कळू न देता पाहत राहते. बाळ महालात पोहोचते, कोणाचेच दूध घेत नाही, आणि ती पुढे होऊन म्हणते की याला सांभाळणारे एक घर मी तुम्हाला सांगू का? इथे थांबून विचारा, ‘मी याची बहीण आहे, असं तिनं का नाही सांगितलं?’ या एका प्रश्नात भीती, हुशारी, माया आणि गुपित असे सगळे आहे. पाच वर्षांच्या मुली याचे उत्तर देताना आवाज हळू करतात, जणू फिरऔनचे शिपाई दाराबाहेर उभे आहेत.

शब्द कुठून आणायचे?

आपल्या घरांत दोन-तीन भाषा एकत्र नांदतात. मराठवाड्यात, सोलापुरात घरात दखनी, शाळेत मराठी. कोकणात कोकणी बोली. मक्तबमध्ये उर्दू आणि अरबी. काही पालकांना ही अडचण वाटते. भावनांच्या बाबतीत तरी ती श्रीमंती आहे. मराठीत रुसणे वेगळे, फुगणे वेगळे, हिरमुसणे वेगळे, खट्टू होणे वेगळे. रुसलेल्या मुलाला कोणीतरी मनवावे असे वाटते, हिरमुसलेल्याला बहुधा एकटे राहायचे असते. उर्दूतून आलेले दिल दुखणे, शरमिंदा होणे, मायूस होणे हे शब्द त्यांत मिळवा. ज्या मुलाकडे ‘राग आला’ आणि ‘रडू आलं’ एवढे दोनच शब्द असतात, ते प्रत्येक वेळी ओरडून किंवा मारूनच सांगते. गोष्टीत एखादा नवा शब्द आला की त्या आठवड्यात तो घरात वापरावा. ‘आज दादी जरा खट्टू दिसतात, नाही?’ एवढे म्हटले की मूल दादीकडे वळून पाहते.

लहानांच्या भावना मोठ्यांनी मनावर घेणे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची सुन्नत आहे. हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याची एक छोटी चिमणीएवढी चिडी होती, ती मेली. मूल उदास होते. अल्लाहचे प्रेषित (स.) त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या चिडीचे नाव घेऊन, यमक जुळवत, त्याची विचारपूस केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. ‘एक चिडी तर होती, दुसरी आणू’ असे आपण सहज म्हणून जातो. आणखी एक हदीस मुलांना जरूर सांगावी : नमाज लांबवण्याचा इरादा असताना बाळाचे रडणे ऐकू आले की प्रेषित (स.) ती आटोपती घेत, कारण मागे उभ्या असलेल्या त्या आईला काय होत असेल ते त्यांना जाणवे. मुलाला विचारा, रडत कोण होतं? बाळ. आणि काळजी कोणाची केली? आईची. एकाच्या रडण्यावरून दुसऱ्याचे मन ओळखणे हेच.

सहा-सात वर्षांच्या पुढे प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आपल्या शब्दांत सांगावी. हामिदला वाटते की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लाहच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. दादी अमीनाला खरे माहीत आहे, ऐकणाऱ्यालाही कळते, एकट्या हामिदला कळत नाही. आणि तरी हाच मुलगा जत्रेत खेळणी आणि मिठाई सोडून तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण रोट्या काढताना दादीची बोटे भाजतात हे त्याने पाहिलेले असते. चिमटा पाहून दादी आधी रागावते, मग रडते. हामिदला त्या रडण्याचा अर्थ कळत नाही. तुमच्या मुलाला कळतो का, ते बघा. नाही कळला तर समजावून सांगू नका, पुढच्या ईदला पुन्हा सांगा.

ही सवय पुढे शाळेतही लागते. चौथीच्या इतिहासात प्रतापगडचा प्रसंग येतो आणि कधी वर्गातले एखादे मूल मागे वळून आपल्या मुलाकडे बघते. घरी येऊन तो विचारतो, ‘अब्बू, तो खान आपला होता का?’ या प्रश्नावर चिडणे किंवा विषय बदलणे दोन्ही बरे नाही. पात्राला त्याच्या नावावरून न ओळखता त्याने काय केले आणि का केले यावरून ओळखायची ज्या मुलाला सवय आहे, त्याला सांगता येते की त्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. प्रत्येक जण आपापल्या धन्याचा माणूस. मूल विचारते, सिद्दी इब्राहिमला भीती वाटली असेल का? मग त्याचा तो दिवस निभावतो.

मोबाईलवरच्या व्यंगचित्रांविषयी थोडक्यात. त्यांत भावना नसतात असे नाही, उलट फार मोठ्याने असतात. डोळे बाहेर येतात, अश्रूंचे कारंजे उडते. पण तिथे कोणी थांबत नाही. मुलाने ‘का?’ विचारायच्या आत पुढचे दृश्य आलेले असते. सोबत बसून मध्ये थांबवता येत असेल तर दाखवा. गोष्ट सांगणे हे फक्त अम्मीचे काम आहे अशी समजूतही काही घरांत आहे. अब्बूंनी सांगितलेल्या गोष्टीत याकूब (अ.) यांचे दुःख वेगळ्या आवाजात ऐकू येते. मुलग्यांनी ते ऐकणे गरजेचे आहे, पुरुषही रडतात हे त्यांना दुसरीकडे कुठे कळणार?

आणि एक गोष्ट कळकळीने. पाच-सहा वर्षांचे होऊनही जे मूल दुसऱ्याच्या रडण्या-हसण्याकडे सतत दुर्लक्ष करते, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, लटक्या खेळात रमत नाही, त्याला ‘हट्टी’ म्हणू नये आणि नजर लागली म्हणून वर्षे घालवू नयेत. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, दुसऱ्याचे मन ओळखणे मुळातच अवघड जाते. यात आईच्या वळण लावण्याचा दोष नसतो. दुआ करावीच आणि बालरोगतज्ज्ञालाही दाखवावे, लवकर दाखवलेले अधिक बरे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांच्या तपासणीची सोय आहे. गोष्टी अशा मुलांनाही सांगाव्यात, फक्त अधिक सावकाश, हातात एखादी वस्तू देऊन आणि ‘काय वाटलं असेल’ऐवजी ‘त्याला वाईट वाटलं, म्हणून तो रडला’ असे सरळ सांगून.

एका रात्री एकच प्रश्न पुरे. पाच प्रश्न विचारले की गोष्टीची परीक्षा होते आणि मूल कूस बदलते. दिवसभराच्या कामाने अम्मी थकली असेल तर एकही न विचारता नुसती गोष्ट सांगावी. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नये. दहाव्या वेळी मूल असे काही विचारते की सांगणारेच उठून बसतात. युसुफ (अ.) यांची कथा ऐकताना मुले पुष्कळदा लांडग्यावर येऊन थांबतात. त्याने तर काहीच केले नव्हते, मग त्याचे नाव का घेतले? त्याला कोणी सांगितले का की तुझ्यावर आळ आला आहे? कुरआनात लांडग्याच्या मनाविषयी काही आलेले नाही. दिवा मालवला असला तरी मुलाला बोलू द्यावे.